मास्तरांचा कार्बोरेटर

मी मूळचा कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मुरुमचा. परंड्यात खोली भाड्यानं घेताना घरमालकांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "मुरुमचे म्हंजी घरात कानडी बोलताव का मराठी?" आणि दुसरा, "गाडीला कारब्रेटर हाय का इंजेक्शन?"

पहिल्याचं उत्तर मी "दोन्ही" असं दिलं. दुसरा प्रश्न मला कळला नाही. थोरल्या भावानं वापरून वापरून मला दिलेली मोटारसायकल दारात उभी होती. माझ्या उत्तराची वाट न बघता ते पायरी उतरले, गाडीशेजारी उकिडवे बसले, इंजिनाच्या मागं मान घालून बघितलं आणि तिथूनच घरात ओरडले, "अगं, च्या टाक. कारब्रेटरवाले हाईत."

माझ्या आधी एक बँकेतला मुलगा खोली बघून गेला होता. त्याची गाडी नवीकोरी, इंजेक्शनची. त्याला खोली मिळाली नाही. "कारब्रेटर न्हाय त्या गाडीला," घरमालक मला नंतर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची कीव होती. "मग बिघडल्यावर मानसानं करायचं काय?"

सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून सुरुवातीला मी त्यांना निवृत्त शिक्षक समजलो आणि त्यांच्याशी जरा जपून, शुद्ध बोलत राहिलो. मग एकदा बाजारात भाजीवाल्यासमोर गर्दी झाली तेव्हा ते मागून ओरडले, "चला, पुढं सरका! मधी जागा हाय, पुढं सरका!" आणि सगळे सरकले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बसच्या कंडक्टरलाही आपण मास्तरच म्हणतो. मास्तरांनी सगळी नोकरी परंडा-कुर्डुवाडी या एका रस्त्यावर तिकिटं फाडण्यात घालवली होती.

मी तहसील कचेरीत कारकून. मास्तर मला भाऊसाहेब म्हणायचे. मी राहायला गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी सकाळी दात घासत बाहेर आलो, तर माझ्या गाडीचा कार्बोरेटर वर्तमानपत्रावर सुटा करून मांडलेला. पेट्रोल जिथून येतं तो बारीक भोकाचा पितळी जेट, सुई, स्प्रिंगा, फ्लोट. मास्तर तोंडानं फुंकर मारून जेटचं भोक उन्हाकडं धरून बघत होते.

"मास्तर, गाडी चांगली चालत होती हो," मी म्हणालो.

"चालत हुती. पळत न्हवती."

दुपारपर्यंत त्यांनी सगळं परत बसवलं. वर्तमानपत्रावर एक बारीक स्प्रिंग उरली. मी ती दाखवली. त्यांनी ती बोटांत धरून बघितली आणि खिशात टाकली. "कंपनी एखादी जादाच टाकती."

त्या दिवसापासून माझी गाडी मूठ सोडली तरी हळू व्हायची नाही. कचेरी दिसायला लागली की मी किल्ली बंद करायचो आणि नुसत्या जोरावर घरंगळत फाटकातून आत शिरायचो. फाटकावरचा शिपाई सगळ्यांना सांगायचा, "भाऊसाहेबांकडनं शिका. पेट्रोल वाचवतेत."

मास्तरांचं तत्त्वज्ञान छोटं होतं. "गाडी म्हंजी काय? हवा आन् पेट्रोल. बाकी नुसता पत्रा." जेवताना रस्त्यावरून एखादी मोटारसायकल गेली की घास हातात तसाच ठेवून ते कान टवकारायचे. "एअर स्क्रू पाव आटा भायेर घ्याय पायजे," असं म्हणेपर्यंत गाडी लांब गेलेली असायची. गाडी जवळच थांबली, तर मास्तर खरकट्या हातानं तिच्याकडं जायचे आणि मालकाची जाण्याची घाई संपायची. मला एकदा खोकला झाला, तर म्हणाले, "तुमची हवा जादा झालीय. जरा तूप खावा."

त्यांची स्वतःची मोटारसायकल दोन-स्ट्रोकची, जुनी, भंगारवाल्याकडून आणलेली. तिच्यावर त्यांचे प्रयोग रोज चालायचे. गाडी जोरात पळवून आणायची, लगेच बंद करायची, प्लग काढायचा आणि त्याच्या टोकाचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे हवा जास्त. बरोबर रंग कोणता, तर काकूंच्या चहाचा. यासाठी प्लग गरम असतानाच चहा समोर लागायचा. मास्तर एका हातात पक्कडीनं धरलेला प्लग आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास घेऊन उन्हात उभे राहायचे. रंग जुळला नाही तर कधी प्लगला नावं ठेवायचे, कधी चहाला.

"आज दूध जादा झालंय," एकदा ते म्हणाले.

"च्यात का गाडीत?" काकूंनी विचारलं.

काकूंची त्या गाडीवर बसायची तयारी नव्हती. घरातल्या सगळ्या दात घासायच्या ब्रशांचे केस मधूनमधून गायब असायचे, कारण मास्तरांच्या मते जेटच्या भोकात तार घालणं हे पाप होतं. पितळ झिजतं. ब्रशचा एकच केस घालून, फिरवून, फुंकर मारायची. लिंबू पिळून उकळत्या पाण्यात कार्बोरेटर टाकायचा, त्यासाठी काकूंनी एक पातेलं कायमचं सोडून दिलं होतं. पण जेट ठेवायला मास्तरांना मसाल्याचा डबाच सोयीचा वाटायचा, कारण त्यात खण असतात.

एका सकाळी काकूंनी मला पोहे खायला बोलावलं. दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन काहीतरी आलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"खडा लागला का?" काकूंनी घाबरून विचारलं.

मी तोंडातून काढून तळहातावर घेतला. मोहरीच्या बरोबरीनं तेलात तडतडलेला, पिवळाधमक, बारीक पितळी जेट. मास्तर उठून आले. त्यांनी तो पुसला, चष्मा कपाळावर चढवून त्यावरचा आकडा वाचला आणि मला मिठीच मारली. "भाऊसाहेब! कवापासनं हुडकत हुतो ह्याला!" माझ्या दाताची चौकशी त्यांनी केली, पण दुसऱ्या दिवशी.

हे सगळं कशासाठी, ते मला काकूंनी सांगितलं.

मास्तरांच्या बसवर सगळी वर्षं एकच ड्रायव्हर. त्यांना गाव चाचा म्हणायचं. दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. डबा एकत्र, मुक्काम एकत्र, ईदेला हे तिकडे, दिवाळीला ते इकडे. भांडायचेही रोज. चाचा मास्तरांना स्टेअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. मास्तर पुढं येऊन "म्हैस हाय, म्हैस हाय" म्हणाले की चाचा म्हणायचे, "मास्तर, तुम पीछे का देखो. आगे का मैं देखता." मास्तर दोन-तीन वर्षांनी मोठे, म्हणून आधी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात चाचांना चार शब्द बोलायला उभं केलं. चाचांना भाषणाची सवय नाही. त्यांनी मास्तरांचं कौतुक केलं, प्रामाणिक माणूस म्हणाले, आणि शेवटी लोकांना हसवावं म्हणून म्हणाले, "गाडी चलाना अलग, गाडी में बैठना अलग. मास्तर जिंदगीभर बैठे!"

सगळा डेपो हसला. मास्तरही हसले. घरी आले, हार काढून खुंटीला अडकवला आणि आठवड्याच्या आत ही मोटारसायकल घेऊन आले. आपण चाचाला रस्त्यात मागं टाकणार, एवढंच त्यांनी काकूंना सांगितलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

"काकू, पण बसला मागं टाकायला काय लागतंय?" मी विचारलं. "शाळेतली पोरं स्कूटीवर टाकतात की."

"त्येच तर," काकू म्हणाल्या. "आनली तवा गाडी चांगली पळत हुती. पैल्याच दिवशी मागं टाकलं असतं. पर ह्यांना वाटलं, जरा तयारी करून जावं."

तयारीत पहिल्यांदा मूळचा कार्बोरेटर गेला आणि एका दणकट गाडीचा मोठा कार्बोरेटर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी आवळून बसवला गेला. मग एअर फिल्टरचा डबा गेला, कारण तो म्हणे गाडीचं नाक दाबतो. त्या जागी काकूंच्या जुन्या पातळाचा तुकडा ताणून बांधला. गाडी हवा ओढताना व्यायला झालेल्या म्हशीसारखी हंबरायची. मग वजन कमी करायचं म्हणून मडगार्ड काढले, दोन्ही बाजूंचे पत्रे काढले, आरसे काढले. हॉर्नसुद्धा काढला. गर्दीत मास्तर "पुढं सरका" म्हणूनच वाट काढायचे. आणि दर रविवारी एक मोठा जेट.

चाचांची बस दुपारी कुर्डुवाडीला निघायची. मास्तर गावाबाहेर लिंबाखाली गाडी फुरफुरवत उभे असायचे. बस गेली की हे मागं. धूर, हंबरडा, मास्तरांचा वाऱ्यानं फुगलेला शर्ट. बसच्या मागच्या चाकापर्यंत गाडी झकास जायची. मास्तर मूठ पूर्ण पिळायचे, आणि नेमकी त्या वेळी गाडी दोनदा खोकून गप्प व्हायची. बस लांब जायची. मागच्या काचेतून लोक हात करायचे. हे बघायला मिळावं म्हणून काही जण मुद्दाम मागच्या बाकावर बसायचे.

मास्तर गाडी ढकलत परत यायचे. पण हरल्यासारखे कधीच नाही. दारातूनच ओरडायचे, "सापडलं! कुठं चुकतंय ते सापडलं!" हे ऐकलं की काकू निमूटपणे दोरीवरची धुणी काढून घरात न्यायच्या, कारण आता संध्याकाळपर्यंत अंगणात धूर असणार हे नक्की होतं.

एकदा काकू भांडी घासता घासता म्हणाल्या, "नळ बारीक आन् तोंड मोठं. टाकीतनं येतंय किती, आन् तुमी वडताव किती. मरंल न्हाय तर काय करंल?"

मास्तरांनी माझ्याकडं बघून दया आल्यासारखं हसून मान हलवली. "बायकांना त्यातलं कळत न्हाय, भाऊसाहेब." आणि आणखी मोठा जेट बसवला.

चाचांच्या बसवर आता एक तरुण कंडक्टर ताई होत्या. त्या एकदा कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आल्या, तेव्हा मी मास्तरांकडं राहतो हे कळल्यावर खुर्ची पुढं ओढून बसल्या. म्हणाल्या, "सर, चाचा आरशात बघत न्हाईत असं दाखवतेत. पण पुढच्या थांब्यावर मला हळूच इचारतेत, आज कुठवर आले हुते? मी सांगितलं मागच्या चाकापतूर, की म्हनतेत, कलसे अच्छा है. एक दिवस मास्तर आलेच न्हाईत, तर गाडी निघायच्या टायमाला चाचा खाली उतरून टायर बघत बसले. टायरला काय झालं न्हवतं."

हे मी घरी सांगितलं नाही. मास्तर त्या दिवशी नवीन फिल्टरसाठी काकूंची दुसरी साडी बघत होते.

मग चाचांच्या निवृत्तीचा महिना आला. गावात बातमी होती की ते शेवटची ड्यूटी झाली की चाचीला घेऊन पुण्याला मुलाकडं कायमचे राहायला जाणार. डेपोतून निरोप समारंभाचं जाड, गुळगुळीत आमंत्रण आलं. मास्तरांनी ते वाचलं आणि "मी न्हाय जानार" म्हणून गाडीच्या सीटखाली सरकवलं. त्यानंतर मात्र ते मोकाट सुटले. रोज जेट बदलायचे, रोज सुईची चकती वर-खाली करायचे. गाडी रोज आणखी बिघडायची. शेवटच्या आठवड्यात तर ती लिंबापर्यंतही पोचली नाही, किल्ल्याच्या खंदकापाशीच बसली. त्या दिवशी मास्तर आले ते "सापडलं" म्हणाले नाहीत. पायरीवर बसून राहिले. काकूंनी धुणी काढायला हात उचललेला होता, तो तसाच खाली घेतला.

शेवटच्या ड्यूटीच्या आदल्या दिवशी सकाळी काकू फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. मूळचा कार्बोरेटर. कंपनीचा, छोटा, काळपट.

"ह्यो तर भंगारात टाकाय सांगिटला हुता," मास्तर म्हणाले.

"न्हाय टाकला. मोडीत एखादी वाटी आली असती म्हनून ठिवला." काकू आत जाता जाता वळल्या. "मोठं तोंड लई दिस बगितलं. आता ह्ये बगा."

मास्तरांनी तो फडक्यानं पुसला. मग वर्तमानपत्र अंथरलं. त्या दिवशी रविवार होता, मी शेजारी बसून बघत राहिलो. एरवी हे काम म्हणजे दिवसभराचं व्याख्यान. आज गप्प. लिंबाच्या पाण्यातून कार्बोरेटर पांढरा होऊन निघाला. फ्लोट कानाजवळ नेऊन त्यांनी हलवला, आत पेट्रोल शिरलंय का ऐकलं. जेटमधून ब्रशचा केस फिरवला. जोडाच्या फटीत बसणारं जुनं गॅस्केट कुजलं होतं, नवं घरात नव्हतं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, सीटखालचं निरोपाचं आमंत्रण काढलं, त्यावर कार्बोरेटरचं तोंड दाबून ठसा घेतला आणि काकूंच्या कात्रीनं त्याचं गॅस्केट कापलं. "लायकीचा कागद हाय," एवढंच बोलले. फिल्टरचा डबा परत बसला. शेवटी एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड आटा मागं सोडला आणि गाडी चालू केली. मास्तर स्क्रू नखभर-नखभर फिरवत, डोळे मिटून ऐकत राहिले. एका जागी आवाज असा सुटसुटीत झाला की घरातून काकूंचा भांड्यांचा आवाजही थांबला.

"मोठा जेट टाकायचा का?" मी विचारलं.

"एकच नंबर मोठा टाकलाय," मास्तर हळूच म्हणाले. "हिला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि मास्तरांच्या मागं बसलो. काकू आत्तापर्यंत कधी निरोप द्यायला बाहेर आल्या नव्हत्या, त्या दिवशी आल्या. "सांबाळून," म्हणाल्या, पण कुणाला ते कळलं नाही.

बस आली. पुढच्या काचेला झेंडूचा हार, टपाला फुगे बांधलेले. ती पुढं गेली आणि आम्ही मागं लागलो. मधे एक उसाची ट्रॉली आडवी आली, मास्तर "पुढं सरका!" ओरडले, ट्रॉलीवाला घाबरून खरंच सरकला. बसचं मागचं चाक आलं. मागच्या बाकावरची माणसं काचेला चिकटली. मास्तरांनी मूठ पिळली आणि मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. खोकला आला नाही. गाडी नुसती गात होती. डाव्या कानावर बसची घरघर वाढली, वाढली, मग ती मागं सरकत गेली. मी डोळे उघडले तेव्हा समोर नुसता रस्ता होता.

मी आनंदानं मास्तरांच्या पाठीवर थापा मारल्या. थोडं पुढं गेल्यावर मास्तर म्हणाले, "मागं बगा की. येतेत का?"

"येतेत."

जरा वेळानं परत, "आता?"

"येतेत, जरा लांब."

गाडीचा वेग उतरायला लागला. मला वाटलं, झालं, एक नंबर मोठा जेट नडला. पण मास्तरांनी आपणहून मूठ सोडली होती. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टँडवर लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि भर रस्त्यात येऊन साध्या प्रवाशासारखा हात केला.

बस थांबली. चाचांनी खिडकीतून मान बाहेर काढली. पांढरी दाढी, गळ्यात हार. इतक्या दिवसांनी मास्तरांशी त्यांचा पहिला शब्द होता, "क्या हुआ? बंद पडी?"

"न्हाय," मास्तर म्हणाले. "चालू हाय. ऐका."

चाचांनी बसचं इंजिन बंद केलं. सगळी बस गप्प. उसाच्या कडेला ती जुनी मोटारसायकल एका लयीत टकटकत उभी होती. चाचांनी मान तिरकी करून ऐकलं.

"अच्छा आवाज है," ते म्हणाले. मास्तरांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला. चाचांनी तो हात बघितला, घसा साफ केला आणि म्हणाले, "लेकिन मास्तर, मैंने ब्रेक मारा था."

"काय?"

"ब्रेक मारा था. नहीं तो तुम कैसा जाते?"

मास्तरांनी हात काढून घेतला. "खोटं! ब्रेक मारल्याव तुमची गाडी करकरती, म्या जन्मभर ऐकलीय! भाऊसाहेब, तुमी सांगा, मारला का ब्रेक?"

"मी डोळे मिटले होते," मी म्हणालो. दोघांनीही माझ्याकडं एकाच तिरस्कारानं बघितलं.

मग बसमधले लोक बोलायला लागले. उजव्या बाजूचे म्हणाले ब्रेक मारला, डाव्या बाजूचे म्हणाले नाही. कंडक्टर ताई दोन्हीकडं हात जोडत होत्या. शेवटी एक म्हातारी पिशवी छातीशी धरून उठली. "कोन पुढं गेलं आन् कोन मागं ऱ्हायलं त्ये कुर्डुवाडीत ठरवा! माजी रेल्वे चुकंल!"

"चला, निगू," मास्तर ताडकन म्हणाले, गाडीची मूठ माझ्या हातात दिली आणि बसमध्ये चढले. "घेऊन जावा घरी. ह्यांचा निकाल लावून येतो." दार लागलं. बस निघाली तेव्हा मास्तर चाचांच्या मागच्या दांड्याला धरून पुढं वाकून हात नाचवत होते आणि चाचा एका हातानं स्टेअरिंग धरून दुसरा हात त्यांच्यापेक्षा जोरात नाचवत होते.

मी एकटा परंड्याला परत आलो. गाडीचा आवाज ऐकून काकू दारात आल्या, आणि गाडीवर मी एकटाच बघून तिथंच थांबल्या.

"ह्ये कुठं हाईत?"

"चाचांच्या बसमध्ये."

काकूंनी चौकट धरली. "बोलले?"

"भांडत होते."

"लई?"

"लई. चाचा म्हणतात ब्रेक मारला होता, मास्तर म्हणतात नव्हता."

काकू हळूच पायरीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं रडतात, पण त्या हसत होत्या.

"पण चाचा तर पुण्याला निघालेत ना?" मी म्हणालो.

"जाऊंद्यात की. फोन हाय न्हवं?" काकू म्हणाल्या. "ह्ये भांडान आता दोघांना मरस्तवर पुरतंय."